रिठ्याच्या पाण्यात बायझंटाइन सोनं

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे, "प्लीज, धुऊ नका." फोनवर म्हटलं, ईमेलमध्ये लिहिलं, काउंटरवर हात जोडून सांगितलं. एकदा दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडले होते, तर तो म्हणाला, माझ्याकडे एक रोमन अंगठी आहे, ती मी दात चमकवायच्या पावडरीनं लख्ख करणार आहे. तोंडात यंत्र असताना "धुऊ नका" म्हणणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी शिकागोतल्या एका लिलावगृहात जुन्या दागिन्यांच्या विभागात होते. जुने म्हणजे आजीचे नव्हेत. ग्रीक, रोमन, बायझंटाइन. शेवटचा शब्द उच्चारला की आपली मंडळी नवीन अँटिबायोटिकचं नाव ऐकल्यासारखा चेहरा करतात, म्हणून सांगते. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग, ज्याची राजधानी म्हणजे आजचं इस्तंबूल, तो पश्चिमेकडचा भाग कोसळल्यावरही कित्येक शतकं टिकला. ते बायझंटाइन. तिथले सोनार पातळ पत्र्यावर छिन्नीनं अशी जाळी कोरत की आजच्या कारागिरांनीही तोंडात बोट घालावं. मी सांगलीच्या सराफकट्ट्यावर वाढलेली मुलगी मिशिगन सरोवराच्या काठी कशी येऊन पडले, ही कथा मला स्वतःलाच कंटाळवाणी वाटते, तेव्हा ती सोडून देते.

काम काय, तर लोक दागिने विकायला आणत, ते तपासायचे, खरे निघाले तर त्यांचं वर्णन लिहायचं, लिलावाआधी मांडून ठेवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. गोची अशी की सोनं स्वतःचं वय सांगत नाही. लोखंड गंजतं, तांबं हिरवं होतं, चांदी काळवंडते. सोनं चौदाशे वर्षं जमिनीत राहून वर आलं तरी काल घडवल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही सोन्याकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त बघतो. सूक्ष्मदर्शकाखाली तार बघायची. जुने सोनार पट्टी पिळून तार करत, त्यामुळे तिच्यावर पिळाची रेघ दिसते. नंतरच्या काळात जंतरातून, म्हणजे भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढलेल्या तारेवर लांबच लांब सरळ ओरखडे असतात. आकडा वापरून झिजलाय का ते बघायचं. आणि कानाकोपऱ्यात अडकलेली माती बघायची. ती माती म्हणजे दागिन्याचा जन्मदाखला. आणि लोकांचा पहिला उद्योग तोच दाखला नळाखाली धरायचा.

शिवाय कागदपत्रं. दागिना जमिनीतून चोरून काढलेला नाही, कुठल्या देशातून पळवलेला नाही, हे दाखवणारी जुनी मालकी लागते. नसेल तर वस्तू कितीही सुंदर असो, नमस्कार करून परत. एक मध्यमवयीन बाई एकदा हिरव्या मण्यांचा हार घेऊन आल्या होत्या. तो हातात घेतल्यावर मला पाणी प्यावंसं वाटलं, इतका देखणा. "कुठून आला?" तर बाई खिडकीकडे बघायला लागल्या. आम्ही तो घेतला नाही, आणि बरोबरच केलं. पण तो हार पुढे कुठे गेला असेल या विचारानं मला अजूनही चुटपुट लागते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. अर्विंगहून, म्हणजे डॅलसजवळून, एका मुलाचा फोन आला. मूळचा नागपूरचा, आयटीतला. माझं नाव वाचून थेट मराठीतच सुरू झाला.

"मॅडम, ती बायझंटाइन रिंग आहे ना ऑनलाइन, किती कॅरेटची आहे?"

"बावीसच्या पुढेच असेल."

"ओके, ओके. अन् मेकिंग चार्जेस?"

"ज्यानं मेकिंग केलं त्याला जाऊन हजार वर्षं होऊन गेली."

"हां, ते बरोबर आहे यार... सॉरी, मॅडम. पण उद्या एक्सचेंज करायचं झालं तर तुम्ही वेटवर घेता का? घट किती पकडता?"

मला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून बघितलं. पण पोरगा चिकाटीचा. माझ्याकडून सगळं समजून घेतलं, लिलावात बोली लावली, अंगठी बायकोला दिली. महिन्याभरानं त्याचा ईमेल: "ती काढतच नाही. पोळ्या करताना पण घालते. जाळीत कणीक अडकलीये. टूथब्रशनं काढू का?" मी काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच.

पण आज सांगायचंय ते डॉक्टरकाका आणि सुमनकाकूंबद्दल.

काका भूलतज्ज्ञ. साताऱ्याहून फार पूर्वी अमेरिकेत आले आणि ओहायोतल्या डब्लिनमध्ये, कोलंबसच्या बाहेर, स्थायिक झाले. पहिल्यांदा भेटले तेव्हा ते एका वैद्यकीय परिषदेसाठी शिकागोला आले होते. काकू डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्या बघत होत्या. तिसऱ्या दुकानात काकांचा धीर सुटला. "पार्किंगचं बघून येतो" असं सांगून ते सटकले, ते फिरत फिरत आमच्या प्रदर्शनात. काचेतल्या एका छोट्या कर्णफुलासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. मी जवळ गेले तर नकळत मराठीत म्हणाले, "अरे बापरे." मीही मराठीत म्हटलं, "बाहेर काढून दाखवू?" त्या दिवशी ते संग्राहक झाले. काकू साड्यांच्या पिशव्या घेऊन डेव्हनच्या फुटपाथवर ताटकळल्या, ही तक्रार मी पुढे काकूंच्या तोंडून किती वेळा ऐकली याची गणती नाही.

"मी साडी घेतली तर खर्च," काकू म्हणत, "आणि ह्यांनी मेलेल्या बायकांचे दागिने घेतले तर इतिहास!"

हे त्या गंमतीनं म्हणत, पण पूर्ण गंमत नव्हती. काकूंना ते सोनं घरात नको होतं. थडग्यातलं असलं तर? काका समजावत, "अगं, थडग्यातलं नाही. लढाईच्या भीतीनं कुणीतरी पुरून ठेवलेलं असतं." काकू विचारत, "मग न्यायला परत आली का ती? नाही ना? मग एकच झालं." त्यामुळे काकांचा सगळा खजिना तळघरातल्या तिजोरीत, तांदळाच्या पोत्यांच्या पलीकडे. देवघराच्या मजल्यावर त्याला येऊ द्यायचं नाही, असा काकूंचा दंडक होता, आणि तीस वर्षं काकांनी तो पाळला.

त्या खजिन्यातला मुकुटमणी म्हणजे मोरांची कर्णफुलं. अर्धचंद्राच्या आकाराची जाळी, मधे समोरासमोर दोन मोर, कडेनं पोकळ सोन्याच्या गोळ्या. त्यांचं वर्णन मीच लिहिलं होतं. लिलावाच्या दिवशी ज्यांना येता येत नाही त्यांना आम्ही फोन लावतो. फोनवरून ते सांगतात, आम्ही हात वर करतो. त्या दिवशी काका डब्लिनमध्येच कुणाच्या तरी बारशाला गेले होते. फोन लावला तर मागे बायका पाळणा म्हणताहेत.

"काका, समोर अजून एक जण आहे. पुढे जायचं?"

"जा, जा," काका कुजबुजले.

"अजून आहे तो."

मागून काकूंचा आवाज, "अहो, कोणाचा फोन? इथे कुंची घालताहेत बाळाला!"

"काका, लवकर सांगा. हातोडा पडतोय."

"घेतो!" काका ओरडले, आणि नेमका त्याच क्षणी पाळणा थांबला होता. लिलावकर्त्याचा हातोडा पडला, इकडे कर्णफुलं काकांची झाली आणि तिकडे साऱ्या बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. "सगळ्यांना वाटलं, बाळ ह्यांनीच घेतलं," काकू नंतर मला म्हणाल्या. आमच्या सभागृहात मात्र बराच काळ अशी अफवा होती की मी एका अरबी राजघराण्यासाठी गुप्त भाषेत बोली लावते. मी ती खोडून काढली नाही.

पुढे मी निवृत्त झाले. काकांनीही वय झाल्यावर ठरवलं की संग्रह मुलांच्या गळ्यात न मारता जवळच्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयाला द्यायचा. तिथली क्युरेटर रेचल, अतिशय सज्जन आणि तितकीच चिकित्सक बाई. तिनं सगळं पसंत केलं आणि मोरांच्या कर्णफुलांपाशी थांबली. ही फार सुबक आहेत, म्हणाली, फार शाबूत आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सोनारांना जुन्या दागिन्यांच्या नकला करायचं वेड लागलं होतं, त्यातली नसतील कशावरून? मालकीचे कागद होते, पण ते शंभर-सव्वाशे वर्षांच्या आतले. त्याआधीचं ते काय सांगणार? जाळी पत्र्याची, त्यामुळे पिळाची तार बघायची सोय नाही. कानात घालायचे आकडे नंतर कुणीतरी बदललेले. ते मीही वर्णनात लिहिलं होतं. राहिली गोळ्यांच्या भोकांत घट्ट बसलेली तांबूस माती. तिला आजवर कुणी हात लावला नव्हता, कारण "हात लावू नका" हे मीच सांगितलेलं. ठरलं असं की दिवाळीनंतरच्या आठवड्यात रेचल प्रयोगशाळेतल्या माणसाला घेऊन येईल आणि ती माती काढून तपासेल.

काकांनी ते फार लावून घेतलं. मला फोनवर म्हणाले, "नीला, ही खोटी निघाली तर मी काहीच देणार नाही. सगळं परत तळघरात."

"अहो काका, बाकीचे तर खरे आहेत."

"ते कोण म्हणतं? मीच ना? आयुष्यभर मी माझ्या नजरेवर गेलो. तीच फसली असेल तर बाकीच्यांकडे कुठल्या तोंडानं बघू?"

माझंही नाव त्या वर्णनाखाली होतं, पण माझं काय, मी दोन दिवस चरफडले असते. काकांची मात्र सगळी हौस त्या मोरांवर टांगलेली होती.

पाडव्याच्या सकाळी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"सुमननं सगळं धुतलं."

"काय धुतलं?"

"सगळं. मोरांसकट. रिठ्याच्या पाण्यात."

 घडलं होतं ते असं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांत थेंब घालून ते बरेच दिवस पडून होते. काकूंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिजोरी उघडली. रिठे भिजवले, कोमट पाणी केलं, मऊ ब्रश घेतला आणि सासरी दर दिवाळीला सोनं धुवायचे तसं ते सगळं धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौरंगावर मांडलं, दिवे लावले, आणि काकांना हाताला धरून देवघरात आणलं. नव्या डोळ्यांना पहिल्यांदा धड दिसलं ते हे, त्यांचा सगळा खजिना, लखलखीत, मातीचा कण नसलेला. आणि काका ओरडले. पन्नास वर्षांच्या संसारात ओरडले नव्हते तेवढे ओरडले.

"काल रात्रीपासून ती बोलत नाही," काका म्हणाले. "आज पाडवा. मला ओवाळलं नाही." आणि भूलतज्ज्ञ म्हणून भल्याभल्यांना शांत करणारे काका फोनवर रडायला लागले.

चिवड्याचा डबा गाडीत टाकला आणि निघाले. शिकागो ते डब्लिन हा रस्ता सपाट शेतांमधून जातो. बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे चिडायला भरपूर वेळ मिळतो. इंडियाना संपेपर्यंत मी काकूंवर चिडले होते. ओहायो लागल्यावर मला आठवलं की तीस वर्षं ज्या सोन्याला बाईनं वरच्या मजल्यावर येऊ दिलं नाही, ते तिनं लक्ष्मीपुढे मांडलं. मग काकांवर चिडले.

पोचले तेव्हा दार काकांनी उघडलं. काकू पाहुण्यांच्या खोलीत होत्या. मला बघून उठल्या, "ये," म्हणाल्या आणि पलंगावरची उशी सरकवून मला जागा केली. डोळे सुजलेले.

"काकू, का धुतलंत?"

"आता देऊनच टाकणार ना ते." त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "मला वाटलं, इतकी वर्षं मी त्यांना तळघरात ठेवलं. कोणाकोणाचं स्त्रीधन ते. आपल्या घरून जाताना एकदा तरी लक्ष्मीपुढे बसवावं. मुलीला सासरी पाठवताना आपण अशीच मळकी पाठवतो का?" मग म्हणाल्या, "मी ह्यांचं सगळं घालवलं, नीला."

दारात काका उभे होते, ते मी बघितलं, काकूंनी नाही बघितलं. मी काही बोलायच्या आत ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. "सुमन, मला आधी दिसायला हवं होतं ते मातीच्या आधी," एवढंच म्हणाले. वाक्य धड झालं नाही, पण काकूंना पोचलं.

मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. कुठेतरी हात चालवावा म्हणून विचारलं, "काकू, ते पाणी कुठे ओतलंत?"

"तुळशीत," आतून उत्तर आलं. "पण गाळून."

"गाळून म्हणजे?"

काकू बाहेर आल्या. मी अगदीच अडाणी आहे असं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सोनं धुतलेलं पाणी गाळल्याशिवाय टाकतात का कधी? एखादा रवा निघतो, मोती निखळतो. आमच्याकडे पाच जावा. सासूबाईंचा नियम, प्रत्येक डागाला, दागिन्याला गं, आपली वेगळी वाटी आणि गाळायला वेगळं फडकं. कानातल्याच्या जोडाला दोन वाट्या. नाहीतर निखळलेला मोती कोणाच्या कुठल्या डागातला, यावरून भांडणं. फडक्यात जे राहील त्याची पुरचुंडी बांधायची आणि त्या त्या डागापाशी ठेवायची. सोनार आला की दाखवायची."

"आणि तुम्ही..."

"तसंच केलं की."

आम्ही तिघंही तळघरात गेलो. काकांनी तिजोरी उघडली. प्रत्येक डबीत दागिना, आणि त्याच्या शेजारी जुन्या सुती साडीच्या फडक्याची, दोऱ्यानं बांधलेली इवलीशी पुरचुंडी. मोरांच्या डबीत दोन. एकीवर उजवं, एकीवर डावं म्हणून काकूंनी वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. माझ्या सबंध नोकरीत मी इतकी नीट ठेवलेली माती बघितली नव्हती, आणि तसं मी बोललेही.

काकू म्हणाल्या, "लाल दोऱ्याचं कानातलं हलवलं की आत खुळखुळत होतं. धुतल्यावर त्याच्यातून काळे चुरे निघाले. मला वाटलं, लाख असेल."

काका माझ्याकडे बघायला लागले आणि मी काकांकडे. आपल्याकडे पोकळ दागिन्यात लाख भरतात, दबू नये म्हणून. तिकडचे जुने सोनार राळ भरत. सोन्याला वय नसतं, पण राळ झाडाची. झाडाचं वय काढता येतं.

त्या संध्याकाळी काकूंनी ताम्हण काढलं. काका पाटावर बसले. ओवाळून झाल्यावर ताम्हणात टाकायला काका खिसे चाचपू लागले तर काकू म्हणाल्या, "राहू द्या, डोळे नीट ठेवा म्हणजे झालं." मी चिवडा खात बसले होते, तो डबा त्यांच्यापुढे सरकवला.

आठवड्यानं रेचल आली. झाला प्रकार ऐकून तिनं डोळे मिटून घेतले, बराच वेळ उघडले नाहीत. माझ्या व्यवसायातल्या माणसाची ती प्रार्थनाच असते. मग पुरचुंड्या बघितल्या आणि खुर्ची पुढे ओढली. फडक्यातला चुरा पुरावा म्हणून चालणार नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. पण कुठे शोधायचं ते त्यावरून कळलं होतं, आणि भोकं आता मोकळी होती. प्रयोगशाळेतल्या माणसानं लाल दोऱ्याच्या कर्णफुलाच्या गोळीतून, सुईएवढ्या हत्यारानं, आत चिकटून राहिलेली राळ काढली. दुसऱ्यातून मात्र राळ निघाली नाही. त्याच्या फडक्यातली माती मातीच नव्हती. सराफ झिलईला वापरतात ती तांबडी पूड होती, मेणात कालवून भोकांत बसवलेली.

निकाल यायला हिवाळा गेला. तेवढ्या काळात काकांनी मला इतके फोन केले की माझा नवरा म्हणू लागला, तू निवृत्त कधी होणार आहेस? रेचलचा फोन आला तेव्हा अंगणातला बर्फ वितळत होता. लाल दोऱ्याच्या कर्णफुलातली राळ जुनी, पार चौदाशे वर्षांपूर्वीची. ते कर्णफूल अस्सल. दुसरं एकोणिसाव्या शतकातलं. कधीतरी कुणाकडे एकच उरलं होतं आणि कुणा सोनारानं त्याच्या जोडीला दुसरं घडवून दिलं होतं, इतकं हुबेहूब की आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या जोडी म्हणून बघत राहिलो. काकांची नजर अर्धी बरोबर, रेचलची शंका अर्धी बरोबर. माझं वर्णनही अर्धं बरोबर, आणि आमच्या धंद्यात अर्ध्याला पास म्हणतात.

काका या निकालावर काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी तो मला दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे त्या पहिल्या दिवशी काचेसमोर 'अरे बापरे' म्हणाली, ती नजर अगदीच फसवी नव्हती तर." आणि संग्रह द्यायचं कायम केलं.

अडून बसल्या त्या काकू. संग्रहालयाला फक्त अस्सल हवं होतं. काकूंनी रेचलला आपल्या इंग्रजीत ठणकावलं, "नो. पेअर इज पेअर." मग मला मराठीत, "हिला नीट सांग. एकीचं हरवलं असेल, म्हणून कुणी जोडीचं करून दिलं. आपण नाही का करून घेत कुडी हरवली की? त्यात खोटं काय आहे?"

"काकू, दोघांच्या मधे बाराशे वर्षं आहेत."

"असू देत. एकटं होतं, सोबत मिळाली. जोड फोडायची नाही."

मी ते भाषांतर करून सांगितलं. रेचल म्हणाली, ठीक आहे, दोन्ही ठेवू आणि पाटीवर दोन्हींची हकीकत लिहू. आता ती कर्णफुलं एकाच काचेत शेजारी शेजारी आहेत. लोक आळीपाळीनं दोन्हीकडे बघतात आणि खरं कोणतं ते ओळखायचा खेळ करतात. उद्घाटनाला काकू पैठणी नेसून आल्या होत्या आणि रेचलसाठी इंडियन ग्रोसरीतून रिठ्याचं पाकीट घेऊन आल्या. रेचलनं ते घेतलं, पण कुलपात ठेवलं.

गेल्या धनत्रयोदशीला सकाळी फोन वाजला. काका.

"नीला, रिठे रात्रभर भिजवायचे की नुसते उकळायचे?"

 "काका, आता काय धुताय? तिजोरी तर रिकामी आहे ना?"

"सुमनच्या पाटल्या, कुड्या, तिचं मंगळसूत्र. वाट्या मांडून ठेवल्यात, प्रत्येकाला वेगळी. फडकीही फाडलीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा हात दुखतोय, म्हणून म्हटलं यंदा मी करतो."

मागून काकूंचा आवाज आला, "काही दुखत नाही माझा हात! उठल्यापासून बसून राहायला लावलंय मला!"

सगळी नोकरी मी ज्या वाक्यावर काढली ते जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "भिजवा काका, रात्रभर भिजवा. आणि पाणी गाळल्याशिवाय टाकू नका."